‘काय दाबलंस तू?’

घरातला मिक्सर मध्येच बंद पडला, तर ‘जुना झालाय बिचारा, किती वर्षं राबला’ असं म्हणून सगळे त्याचीच बाजू घेतात. पाण्याची मोटर अडली तर दोष कमी दाबाच्या विजेला. शिवणाच्या मशीनवर दोरा तुटला तर दोरा कच्चा. पण कॉम्प्युटर अडला आणि त्याच्यासमोर घरातली बाई बसलेली असली, की गॅलरीपासून देवघरापर्यंत एकच प्रश्न उमटतो, ‘‘काय दाबलंस तू?’’ तिथंच नवरा किंवा मुलगा बसलेला असेल तर मात्र उद्गार वेगळा असतो, ‘‘हँग झाला वाटतं!’’ म्हणजे पुरुषाच्या हाताखाली तो आपोआप हँग होतो आणि बाईच्या हाताखाली तिनं काहीतरी दाबल्यामुळं!

मैत्रिणींनो, तुम्ही हसाल. पण या एका प्रश्नापायी कितीतरी जणी कॉम्प्युटरपासून चार हात लांब राहिल्या आहेत. शिकायची हौस नाही म्हणून नव्हे, बुद्धी कमी म्हणून तर नव्हेच. आपल्या हातून बिघडलं असं चारचौघांत ऐकून घ्यावं लागेल, या धास्तीनं. म्हणूनच हे अडणं म्हणजे नेमकं काय, ते का होतं आणि त्या वेळी घाबरून न जाता काय करावं, याबद्दल आज थोडं सविस्तर लिहायचं ठरवलं.

मी काही इंजिनिअर नव्हे. कराडला आमचा चौदा जणींचा बचत गट आहे आणि त्याचे हिशेब माझ्याकडे आहेत, एवढाच माझा या यंत्राशी संबंध. बचत गटाची पंचसूत्री आपल्यापैकी अनेकींना तोंडपाठ असेल: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. पहिल्या चार गोष्टी बायका कुठंही चोख करतात. पाचवीपाशी आलं, की हळूच कुणाचे तरी ‘हे’ किंवा कुणाचा तरी भाचा पुढं सरसावतो. ‘‘तुम्ही बैठका घ्या, लिहायचं मी बघतो,’’ म्हणतो. बोलणं गोड असतं, हेतूही वाईट नसतो. पण वह्या ज्याच्या हाती, गट त्याच्या हाती, हे समजायला फार दिवस लागत नाहीत.

आमच्याकडे माझ्याआधी ज्या काकू खजिनदार होत्या, त्यांचं अक्षर म्हणजे मोत्याचा सर. पाच वर्षांत एका पैशाची चूक नाही. २०१९ साली बँकेच्या सोयीसाठी हिशेब कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं, तेव्हा काकू साठीच्या घरात असूनही उत्साहानं शिकल्या. एके दिवशी बैठक चालू असताना त्यांच्या घरचा कॉम्प्युटर अडला. त्यांचा मुलगा आतून आला आणि आम्हां सगळ्यांदेखत म्हणाला, ‘‘तुला शंभरदा सांगितलंय, समजत नाही तिथं हात लावू नकोस. काय दाबलंस?’’ काकू काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी वह्या, शिक्का, पावतीपुस्तकं एका पिशवीत घालून माझ्या दारात आणून ठेवली. त्या दिवशी त्या यंत्राला खरोखर काय झालं होतं, याची चौकशी कुणी म्हणजे कुणीच केली नाही. मला ते फार लागलं. म्हटलं, हे अडणं म्हणजे असतं तरी काय, ते एकदा समजून घ्यायचंच.

तर आधी ती पाटी बघू. अडलेल्या प्रोग्रामच्या चौकटीवर, वरच्या पट्टीत, ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी अक्षरं येतात. प्रतिसाद देत नाही. चौकट पांढुरकी पडते, टिचक्या मारून काही होत नाही. बघणाराला वाटतं, गेला! पण त्या पाटीचा अर्थ तेवढा भयंकर नाही. प्रत्येक प्रोग्रामनं मधूनमधून ‘माझ्यासाठी काही निरोप आहे का?’ असं विंडोजला विचारायचं असतं. आपण दाबलेलं बटण, माउसची टिचकी, हे सगळे निरोपच. पाच सेकंद झाले तरी प्रोग्रामनं निरोप विचारला नाही, की विंडोज त्याला ‘प्रतिसाद देत नाही’ असं समजते. फक्त पाच सेकंद बरं का! मग ती त्याच्या जागी त्याच्यासारखीच दिसणारी एक पोकळ चौकट उभी करते आणि वर पाटी लावते. हातातल्या मोबाइलचंही तेच. अँड्रॉइडच्या फोनवर टिचकी मारल्यावर पाच सेकंदांत ॲप जागचं हललं नाही, तर ‘वाट पाहायची की बंद करायचं’ असं तो विचारतो.

आता सांगा, आपले दोन्ही हात कणकेत बरबटलेले असताना दाराची घंटा वाजली, तर पाच सेकंदांत आपण दार उघडतो का? बाहेरच्यानं तेवढ्यावरून ‘घरात कुणी नाही’ असं ठरवून कुलूप फोडायला घेतलं, तर त्याला काय म्हणाल? घरातली बाई कामात आहे, बेशुद्ध आहे की मागच्या दाराशी दुसऱ्या कुणाची वाट बघत उभी आहे, हे बाहेरून घंटा वाजवून कळत नाही. त्यासाठी खिडकीतून डोकावावं लागतं.

पूर्वी हा प्रकार फारच वाईट होता. १९९२ साली आलेल्या विंडोज ३.१ मध्ये सगळ्या प्रोग्रामांचा कारभार चाळीतल्या एका नळासारखा होता. ज्याची बादली नळाखाली, त्यानं आपणहून ती काढली तरच पुढच्याला पाणी. एकीनं बादली तशीच ठेवून गप्पा मारल्या, तर सगळी चाळ खोळंबली! १९९५ साली विंडोज ९५ आली, तेव्हापासून नव्या प्रोग्रामांसाठी नळावर जणू एक माणूस उभा राहिला. वेळ संपली की तो बादली बाजूला सरकवतो आणि पुढच्याला सोडतो. म्हणून आता एक प्रोग्राम अडला तरी बहुतेक वेळा बाकीचे चालू असतात, माउसचा बाण फिरत असतो. योगायोग बघा, १९९२ सालीच नाबार्डनं बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला होता. तिकडं खिडक्या उघडत होत्या आणि इकडं आपली बँकेची दारं!

कंट्रोल, आल्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकदम दाबायची, हे बहुतेक घरांतल्या मुलांना ठाऊक असतं. त्यामागची हकिगत मला फार आवडते. आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला. तो तयार करणाऱ्या मंडळींत डेव्हिड ब्रॅडली नावाचे इंजिनिअर होते. काम करताना यंत्र वारंवार अडायचं आणि दर वेळी वीज बंद करून पुन्हा सुरू करायची म्हणजे वेळ जायचा. म्हणून त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसाठी तीन बटणांची युक्ती काढली. आधी त्यात डिलीटऐवजी एस्केप होतं. पण ती तिन्ही बटणं डाव्या हाताशी. चुकून एका हातानंही दाबली जायची आणि केलेलं सगळं काम जायचं. म्हणून त्यांनी मुद्दाम कळफलकाच्या दुसऱ्या टोकाचं बटण घेतलं, म्हणजे दोन्ही हात लावल्याशिवाय ते घडूच नये. आजच्या विंडोजमध्ये ही तीन बटणं दाबली तरी यंत्र लगेच बंद होत नाही. चार-पाच पर्यायांचं एक पान उघडतं. सांगायचा मुद्दा असा, की ज्यांनी यंत्र बनवलं त्यांनीच ‘चुकून काही दाबलं जाईल’ हे धरून चालून तशी व्यवस्था केली. यंत्राचे निर्माते इतके समजूतदार आणि आपल्या घरचे मात्र...! असो.

आता प्रोग्राम अडतो का? कारणं पुष्कळ असतात, पण तीन-चार घरातल्या गोष्टींवरून चटकन समजण्यासारखी आहेत.

पहिलं कारण ओट्यावरच्या गर्दीचं. कॉम्प्युटरची काम करतानाची स्मरणशक्ती, म्हणजे रॅम, हा आपला ओटा. हार्ड डिस्क ही कोठीची खोली. ओटा लहान आणि त्यावर एकदम दहा पातेली मांडली, तर एक उचलून कोठीत ठेवायचं, दुसरं आणायचं, पुन्हा पहिलं आणायचं, असं होऊन बसतं. स्वयंपाक कमी आणि ये-जाच जास्त. वीस-पंचवीस पानं उघडी ठेवून वर गाणीही चालू असली, म्हणजे कॉम्प्युटर असाच येरझाऱ्या घालतो. तो आळशी नसतो, उलट घायकुतीला आलेला असतो.

दुसरं कारण पाटा-वरवंट्याचं. समजा, शेजारच्या वहिनींनी पाटा नेला आणि त्या माझ्याकडून वरवंटा यायची वाट बघताहेत. मी वरवंटा धरून बसले आहे आणि वहिनींकडून पाटा यायची वाट बघते आहे. हातातली वस्तू सोडायला कुणीच तयार नाही. दोघींच्याही घरी त्या दिवशी चटणी होणार नाही, उद्याही होणार नाही! प्रोग्राम एकमेकांत असेच अडकतात. एड्सखर डाइक्स्ट्रा नावाच्या डच शास्त्रज्ञानं १९६५ साली विद्यार्थ्यांना परीक्षेत असा प्रश्न घातला होता. पुढं तो जेवायला बसलेल्या पाच तत्त्वचिंतकांचं कोडं म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. पाच जण गोल टेबलाभोवती, दोघांच्या मध्ये एकेकच काटा आणि जेवायला प्रत्येकाला दोन काटे हवेत. सगळ्यांनी एकदम डावीकडचा काटा उचलला, की सगळेच उपाशी. इतकी शहाणी माणसं जिथं अडकतात, तिथं आपल्या हिशेबाच्या प्रोग्रामाला काय बोल लावायचा!

तिसरी गोष्ट थेट मंगळावरची आहे. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेच्या नासाचं पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरलं. काही दिवसांनी त्याचा कॉम्प्युटर काम करता करता मध्येच आपला आपण बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. कारण सापडलं ते अगदी एकत्र कुटुंबातलं! कपाटाची किल्ली धाकट्या सुनेच्या कमरेला आहे. सासूबाईंना महत्त्वाच्या कामासाठी कपाट उघडायचं आहे, म्हणून त्या किल्लीसाठी थांबल्या आहेत. पण मधल्या मानाचे पाहुणे आले आहेत आणि त्यांच्या सरबराईत सुनेला हातातलं काम पुरं करून किल्ली द्यायला सवडच मिळत नाही. म्हणजे घरातलं सगळ्यांत महत्त्वाचं काम मधल्या पाहुण्यांपायी अडलं. यानावर हवामानाची नोंद घेणारं एक कमी महत्त्वाचं काम ही सून, माहितीची ने-आण करणारं मोठं काम या सासूबाई, आणि मधले पाहुणे म्हणजे संदेश पाठवण्यासारखी कामं. मोठं काम वेळेत झालं नाही हे दिसलं, की यंत्र स्वतःला बंद करून नव्यानं सुरू करायचं. इंजिनिअरांनी पृथ्वीवर तसंच दुसरं यंत्र चालवून हा गुंता शोधला आणि इथून तिथं दुरुस्ती पाठवली. दुरुस्ती अशी, की जिच्याकडे किल्ली आहे, तिला ती देईपर्यंत सासूबाईंचाच मान. म्हणजे पाहुण्यांनी बाजूला व्हायचं आणि तिला हात रिकामा करू द्यायचा. तिथं मंगळावर कुणी काही दाबलेलं नव्हतं, हेही लक्षात ठेवा!

‘‘पण मग यंत्राला आधीच का कळत नाही, की हे काम पुरं होणार की असंच चालू राहणार?’’ असं मी आमच्या भाचीला विचारलं होतं. ती कॉम्प्युटरचंच शिकते. ती म्हणाली, ‘‘मावशी, हा प्रश्न फार मोठा आहे.’’ ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाच्या १९३६ सालच्या निबंधातून असं निघतं, की कुठलाही प्रोग्राम घ्यावा आणि तो कधी थांबेल की कायम चालूच राहील, हे प्रत्येक वेळी अचूक सांगावं, अशी एकच सर्वांसाठीची रीत असूच शकत नाही. म्हणूनच विंडोज काय किंवा फोन काय, निर्णय आपल्यावर सोडतात आणि ‘थांबणार की बंद करू?’ असं आपल्यालाच विचारतात. त्या घडीला समोर बसलेल्या बाईच्या विवेकावर काम येऊन ठेपतं. आणि दुधाला उकळी येणार की नासणार, हे भांड्यापाशी उभं राहून ओळखण्याची सवय आपल्याला आहेच की.

ही सवय मला २०२४ च्या मार्चअखेरीला उपयोगी पडली. गटाच्या कर्जाचं प्रकरण बँकेत होतं. चौघींना शिवणाची मशीनं घ्यायची होती. वर्षाचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत पोचवायचा होता. दुपारपासून लाइट गेलेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर आणि एक पंखा तेवढा चालू. बचतीचे आकडे भरून झाले, व्याजाच्या किचकट बेरजा जुळल्या, आणि छापल्यावर पान कसं दिसेल ते पाहायला मी टिचकी मारली, तोच चौकट पांढरी पडली. वर पाटी. शेवटचं सेव्ह होऊन दहा-बारा मिनिटं झाली होती, आणि त्याच दहा-बारा मिनिटांत त्या बेरजा जुळल्या होत्या.

गटातल्या तिघी जणी शेजारी बसलेल्या. आमचे हे आतून म्हणाले, ‘‘बटण दाबून बंद कर आणि परत सुरू कर.’’ पुण्याहून चिरंजीवांचा फोन चालूच होता. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. तेवढ्यात एकीचे मिस्टर तिला न्यायला आले होते, ते उभ्या उभ्या म्हणाले, ‘‘वहिनी, उगीच त्रास कशाला घेता? वह्या द्या माझ्याकडे, ऑफिसात तासाभरात करून देतो. दर महिन्याचंही मीच बघत जाईन.’’ तिघींनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, त्या क्षणी व्याजाचे आकडे माझ्या डोक्यात नव्हते. दारात ठेवलेली ती काकूंची पिशवी डोळ्यांपुढं आली.

मी म्हटलं, ‘‘भाऊजी, बसा. चहा घ्या. दहा मिनिटांनी बघू.’’

आणि मी खिडकीतून डोकावले. कॅप्स लॉकचं बटण दाबलं. त्याचा दिवा लागला, पुन्हा दाबल्यावर विझला. म्हणजे यंत्र जिवंत होतं, फक्त एक प्रोग्राम अडला होता. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. त्यात प्रत्येक प्रोग्राम किती काम करतोय, याचे आकडे दिसतात. आमचा हिशेबाचा प्रोग्राम शून्यावर, डिस्कही शांत. म्हणजे हा येरझाऱ्या घालत नव्हता, घायकुतीला आला नव्हता. हा कुणाची तरी वाट बघत होता! कुणाची? त्याला मी शेवटचं काय सांगितलं होतं? छपाईचं पान दाखव. ते पान मांडायला त्याला प्रिंटरला विचारावं लागतं, कागद केवढा, समास किती. आणि प्रिंटर? तो कोपऱ्यात, इन्व्हर्टरच्या लाइनवर नसलेल्या प्लगवर, थंडगार पडला होता. वाय-फायवरून त्याच्या नावानं हाका चालल्या होत्या आणि ओ द्यायला कुणी नव्हतं.

स्वयंपाकघरातल्या पॉइंटवरून लांब वायर ओढली आणि प्रिंटर सुरू केला. अर्धा मिनिट गेला असेल. चौकटीत रंग भरले, पाटी गेली, आणि व्याजाच्या बेरजांसकट पान समोर उभं! मी आधी सेव्ह केलं आणि मगच श्वास घेतला. भाऊजींचा चहा संपायच्या आत कागद छापूनही झाले. ते भले गृहस्थ. हसून म्हणाले, ‘‘आमच्या ऑफिसात असं झालं, तर आम्ही सरळ बटणच दाबतो.’’ वह्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

तेव्हापासून आमच्या गटात आम्ही काही गोष्टी कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या शेजारी चिकटवल्या आहेत. तुमच्याही उपयोगी पडतील म्हणून देते.

१. प्रोग्राम अडला, की हात मागं घ्या. पुन्हा पुन्हा टिचक्या मारू नका. त्या वाया जात नाहीत, रांगेत उभ्या राहतात आणि प्रोग्राम शुद्धीवर आला की एकामागून एक अमलात येतात. आमच्या ह्यांनी एकदा लाइटबिलाची पावती छापताना अशाच टिचक्या मारल्या आणि नऊ पावत्या निघाल्या. पाठकोऱ्या म्हणून अजून वाणसामानाच्या याद्यांना वापरते आहे.

२. माउसचा बाण हलतो का, कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो का, ते पाहा. दिवा बदलत असेल तर यंत्र जिवंत आहे. ज्या कळफलकावर असा दिवा नाही, तिथं बाणावरून अंदाज घ्या.

३. आल्ट आणि टॅब दाबून बाकीच्या चौकटी पाहा. पुष्कळदा मागं एखादी लहानशी चौकट ‘हो की नाही?’ असा प्रश्न विचारत दडलेली असते, आणि तिला उत्तर मिळेपर्यंत पुढचा प्रोग्राम अडून राहतो.

४. टास्क मॅनेजर उघडा. आकडे हलत असतील तर काम चालू आहे. तुम्ही तोवर वरणाला फोडणी देऊन या. आकडे शून्यावर असतील, तर तो कुणाची वाट बघतोय ते शोधा. प्रिंटर, पेनड्राइव्ह, इंटरनेट, यांपैकीच कुणीतरी बहुतेक वेळा सापडतं.

५. बंद करायचीच वेळ आली, तर आधी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढा. सेव्ह न झालेले आकडे दिसत असतील, तर निदान फोटोवरून पुन्हा भरता येतात. मग टास्क मॅनेजरमध्ये त्याच एका प्रोग्रामवर टिचकी मारून ‘एंड टास्क’ म्हणा. सगळ्या घराची वीज घालवायची गरज नाही.

६. पुन्हा उघडल्यावर वर्ड आणि एक्सेलसारखे प्रोग्राम पुष्कळदा आपणहून वाचवलेली प्रत समोर ठेवतात. ती आधी वेगळ्या नावानं सेव्ह करा, मूळ प्रतीवर लगेच चढवू नका. ही आपोआप ठेवली जाणारी प्रत मुळात दर दहा मिनिटांनी निघते. सेटिंगमध्ये जाऊन तो वेळ कमी करता येतो. आम्ही तो तीन मिनिटांवर आणला आहे.

७. दिवा नाही, बाण नाही, काहीच हलत नाही, असं बराच वेळ राहिलं तरच मुख्य बटण दहा सेकंद दाबून धरा. पण पडद्यावर ‘अपडेट चालू आहे’ असं दिसत असेल, तर त्या वाटेला जाऊ नका. कुकरची वाफ जिरायच्या आत झाकण ओढण्यासारखं आहे ते.

८. कंट्रोल आणि एस ही दोन बटणं एकदम दाबून सेव्ह करायची सवय हाताला लावून घ्या. विणताना ओळ संपली की सुई फिरवतोच ना, तसं ओळ भरली की कंट्रोल-एस.

आणि कागदावर शेवटी आमच्या गटाचा एक ठराव आहे. जिच्या हाताखाली कॉम्प्युटर अडेल, तिला ‘काय दाबलंस?’ असं कुणी विचारायचं नाही. ‘काय दिसतंय?’ असं विचारायचं. शब्द एकच बदलला, पण त्यानं फार फरक पडतो. पहिला प्रश्न ऐकला, की बाई स्वतःला वाचवायला बघते, ‘मी काही नाही केलं’ म्हणते आणि बोलणं तिथंच संपतं. दुसरा ऐकला, की ती पडद्याकडे बघते. वर काय पाटी आहे, दिवा लागतोय का, प्रिंटर चालू आहे का, हे सांगायला लागते आणि सांगता सांगता निम्मा गुंता तिचा तिलाच सुटतो. आमच्या चिरंजीवांनाही फोनवर हा ठराव वाचून दाखवला. आधी हसले. आता मात्र ‘‘आई, काय दिसतंय?’’ असंच विचारतात.

गेल्या दिवाळीनंतर मी काकूंकडे गेले होते. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यामुळं त्यांना आता लख्ख दिसतं. मी म्हटलं, ‘‘काकू, वर्षाची तेरीज जुळवायला मदत कराल? बेरजेला तुमच्यासारखं कुणी नाही.’’ त्या म्हणाल्या, ‘‘वहीत करीन हो. त्या डब्यात नाही.’’ मी बरं म्हटलं आणि वही त्यांच्याकडे ठेवून आले. पंधरा दिवसांनी त्या आपणहून बैठकीला आल्या, वही उघडली आणि म्हणाल्या, ‘‘तुमच्या त्या डब्यातली जूनची बेरीज सत्तर रुपयांनी चुकलीय. कुणा एकीचा हप्ता दोनदा चढलेला दिसतो.’’ आम्ही कॉम्प्युटरवर पाहिलं. खरोखरच कुणाच्या तरी हातून एक ओळ दोनदा भरली गेली होती.

‘‘सरका जरा,’’ काकू म्हणाल्या. पदर खोचला, चष्मा सारखा केला आणि खुर्चीवर बसल्या. एक बोट वहीवर, एक बोट कळफलकावर. ओळ सापडली, खोडली, बेरीज जुळली. तेवढ्यात तो गोल फिरायला लागला आणि पडदा जरा फिकट झाला. आम्ही सगळ्या गप्प. काकूंनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि आमच्याकडे न बघताच म्हणाल्या, ‘‘घाबरू नका. कामात आहे तो.’’